दोन पावसाळे उभी राहिलेली पुंटो अबार्थ: घ्यावी का, आणि घरच्या अंगणात कशी उभी करावी

प्रश्न थोडक्यात असा. हर्णैजवळच्या एका गावात २०१६ ची फियाट पुंटो अबार्थ पत्र्याच्या शेडखाली दोन पावसाळे उभी आहे. मीटरवर ६१,००० किलोमीटर. मालक परदेशी, चावी भावाकडे. बॅटरी मेलेली, मागची चाकं जाम. किंमत बरीच खाली आली आहे. घरच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने गाडी चालू करायची आहे. घ्यावी का? घेतली तर सुरुवात कुठून करावी? आणि जाता जाता, रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवणं, कधी करावा?

आधी इंजिन विसरा आणि गाडीखाली झोपा. किनाऱ्यावरची जुनी गाडी पत्र्यावरून घ्यायची असते. हे १३६८ सीसीचं टी-जेट, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेटच्या घराण्यातलं आहे, त्यामुळे त्याचे बरेचसे सुटे भाग अजून शोधून मिळतात. दारं, बॉनेट, हेडलाइट साध्या पुंटो इव्होचे चालतात. फियाटने बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच भारतात गाड्या विकणं थांबवलं, तरी सामानाची तशी रड नाही. पण खालचा सांगाडा कुजला असेल तर तो कुठल्याही काउंटरवर मिळत नाही. तो तुम्हाला वेल्डिंगने घडवावा लागेल, आणि काही जागा अशा आहेत की तिथे घरच्या वेल्डिंगवर भरवसा ठेवूच नये.

बघायला जाताना चांगली बॅटरी, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुनी चटई आणि एक जॅक घेऊन जा. सिल, म्हणजे दाराखालचा लांब पोकळ पट्टा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतराने ठोकत जायचं. धड पत्रा ठणठणतो, कुजलेला भदभदतो. भद आवाज आला तिथे टोक टेकवून जोर द्या. टोक आत गेलं तर भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीच होतं, वर फक्त रंगाचा पापुद्रा होता. मालकाच्या भावाला हे आवडणार नाही, म्हणून आधी विचारून घ्या. नकार मिळाला तर तेही एक उत्तरच आहे.

मग या जागा पाहायच्या: जॅक लावायचे चारही पॉइंट, मागच्या बीमचे, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे, बोल्ट बॉडीला जिथे धरतात ती जागा, मागच्या स्प्रिंगची बैठक, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, सीटबेल्टचे नट आणि पुढच्या खांबाचं खालचं टोक. बीमच्या बैठकीला, टॉवरला किंवा सीटबेल्टच्या जागी पत्रा पानासारखा सुटत असेल तर गाडी फुकट मिळाली तरी नको. याउलट सायलेन्सर, लोअर आर्म, पुढचा सबफ्रेम यांच्यावरचा तांबूस गंज बघून घाबरू नका. ते बोल्टवर बसलेले भाग आहेत, काढून घासता येतात, नाहीतर बदलता येतात. मडगार्डवर आणि दाराच्या खालच्या कडेवर चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे.

खाऱ्या हवेला सगळे दोष देतात, पण हवेपेक्षा वाईट दोन गोष्टी आहेत. बंदरातून मासळी नेणाऱ्या गाड्यांमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर पडतं आणि तुमच्या चाकांनी थेट सिलवर उडतं. दुसरी आपली तांबडी माती. ती मडगार्डच्या आतल्या ओठात साचून बसते आणि ओल्या पोटिसासारखी महिनोन् महिने पत्र्याला चिकटून राहते. प्लास्टिकचं आतलं आवरण थोडं खाली ओढून बोट घाला. मूठभर ओली माती निघाली तर त्यामागचा पत्रा नीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेडखाली उभ्या गाडीचा आणखी एक शत्रू म्हणजे पागोळ्या. शेडच्या कडेची धार चार महिने एकाच जागी पडत असेल तर गाडीची ती एक बाजू दुसरीपेक्षा दहा वर्षं म्हातारी दिसते.

पुराची गाडी ओळखणं इथे वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. ती कोणी धुवत नाही. सीटच्या रेलचे स्क्रू, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर पाहा. कनेक्टरच्या पितळी पिना हिरव्या झाल्या असतील तर गाडी सोडा. वायरिंगमध्ये शिरलेला गाळ नंतर वर्षभर एकेक दिवा, एकेक सेन्सर खात राहतो. इन्शुरन्सचा क्लेम इतिहासही मागून घ्या.

कागदांवर फार वेळ घालवत नाही, पण हे चुकवू नका. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः जुळवा. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही खुद्द मालकाची हवी, भावाची चालत नाही, त्यामुळे मालक परदेशी असेल तर पैसे देण्याआधी हे मार्गी लावा. कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी. थकलेली ई-चलनं, जुन्या गाडीला सक्तीची झालेली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, पीयूसी हे सगळं किमतीत धरा. नोंदणीपासून १५ वर्षं म्हणजे २०३१ पर्यंत पुनर्नोंदणीची चिंता नाही. मालकाचा नो क्लेम बोनस मालकासोबत जातो, तो तुम्हाला मिळत नाही. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. आणि फियाटसोबत येणारं कोड कार्ड आणि दुसरी चावी मागा. इमोबिलायझरच्या, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, भानगडीत त्या कार्डाची किंमत कळते.

गाडी घरी आणायची ती फ्लॅटबेडवर. ज्या गाडीचे ब्रेक दोन वर्षं हलले नाहीत ती आपल्या चढउतारांच्या रस्त्यावर दोराने ओढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

अंगणात जागा ठरवताना उतार पाहा आणि खालची जमीन पाहा. सारवलेल्या खळ्यात जॅक बुडतो. जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची फळी घाला, फूटभर बाय फूटभर. अंगणात चिरे हाताशी असतातच, आणि मोह होतोच, म्हणून स्पष्ट लिहितो: जांभ्याच्या चिऱ्यावर गाडी टेकवून खाली जाऊ नका. चिरा भिंतीत भार पसरून घेतो. जॅक पॉइंटचं लोखंड त्याच्या एका टोकावर दाबलं की तो काहीही न सांगता फुटतो. तीन टनांचे दोन स्टँड घ्या, शिवाय काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा.

आता इंजिन. चावी फिरवून बघण्याची घाई इथे सगळ्यात महाग पडते.

पहिलं पेट्रोल. टाकी ४५ लिटरची आहे. दोन वर्षं ठेवलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आपल्या दमट हवेतलं पाणी ओढलेलं असतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंपाचं तोंड नेमकं तळाशीच असतं. मागच्या सीटखालचं झाकण काढून पंप उचला आणि हातपंपाने टाकी कोरडी करा. बरणीत अर्धा लिटर काढून उन्हात धरा. खाली वेगळा थर दिसला किंवा वास आंबूस, व्हार्निशसारखा आला तर टाकी धुवायची. पंपाची जाळी तपकिरी झाली असेल तर बदला. हे काम उघड्यावर, सकाळी आणि पाणचूल विझलेली असताना. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकते आणि दहा-पंधरा पावलांवरची चूलही तिला लांब नसते.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे वाल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा. टी-जेटला बेल्ट आहे. १६ वाल्व्हच्या या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सरकला तर वाल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरने जितका म्हातारा होतो तितकाच वर्षांनी होतो, त्यामुळे बदलल्याची पावती नसेल तर इंजिन सुरू करण्याआधीच तो बदला. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि गळायला लागला तर सगळं पुन्हा खोलावं लागेल. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग टूल लागतं. जुन्या पुलीवर व्हाइटनरच्या खुणा करून बेल्ट चढवणारे मिस्त्री भेटतील. त्यांना इतर कामं द्या, हे नको. टूल भाड्याने मिळत नसेल तर फियाटवर हात बसलेला माणूस घरी बोलवा. एकूण सगळ्या कामातलं हे एकच मी नवख्याला करू देणार नाही.

तिसरं, सिलिंडर. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात सिरिंजने ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने हळू दोन पूर्ण फेरे. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल, आणखी एक रात्र. सरळ फिरलं तर जुनं ऑइल काढा, नवा फिल्टर आणि ५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल घाला. डबा पूर्ण ओतू नका, लिटर-सव्वा लिटरने थांबत डिपस्टिक पाहत भरा. आता इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून, प्लग बाहेरच ठेवून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. टर्बोच्या शाफ्टला तेलाचाच आधार असतो. तेल पोचण्याआधी इंजिन पेटलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच टर्बोची बेअरिंग घासतात. याच वेळी कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: दहा टक्क्यांच्या आत असला की निश्चिंत. एकच सिलिंडर बराच कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, नाही गेला तर वाल्व्हमध्ये.

हे सगळं झालं की नवे प्लग, नवा एअर फिल्टर, १० लिटर ताजं पेट्रोल. एअर फिल्टरची पेटी उघडताना सावध, उंदरांचं आवडतं बाळंतघर ते. सुरू झाल्यावर निळसर धूर मिनिटभर येईल, तो तुम्हीच घातलेल्या तेलाचा. वीस मिनिटांनंतरही येत असेल तर टर्बो किंवा वाल्व्ह सील. हे पहिलं ऑइल ३०० किलोमीटरवर काढून टाका आणि फिल्टरही. महाग ऑइल दुसऱ्या वेळेला.

क्लच चिकटला असेल, म्हणजे पेडल दाबूनही गिअर पडत नसेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडल लाकडी दांडक्याने दाबून, दांडकं सीटला टेकवून एक रात्र ठेवा. नाही सुटला तर इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबून स्टार्ट घ्या. गाडी धक्का देऊन चालायला लागेल. तशीच हळू नेत ब्रेकला हलका पाय लावला की बहुधा सुटतो. अर्थात त्याआधी ब्रेक झालेले हवेत.

ब्रेकवर घाई नाही. अबार्थला चारही चाकांना डिस्क आहेत, आणि मागची चाकं जाम असण्याचं कारण बहुतेकदा हँडब्रेक ओढून ठेवणं हेच असतं. केबल गंजून आवरणात अडकते, कॅलिपरवरचा हँडब्रेकचा दांडा परत येत नाही. मागच्या कॅलिपरचा पिस्टन आत ढकलायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो, त्याचं साधं टूल मिळतं. सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडेल. स्लाइड पिना काढा, पितळी ब्रशने घासा, रबराची टोपी फाटली असेल तर किट बदला, आणि ग्रीस सिलिकॉनचंच. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर लेथवर घासून पातळ करण्यापेक्षा नव्या घ्या.

स्टीलच्या ब्रेक पाइपा बीमच्या वरून जातात तिथे क्लिपच्या खाली हमखास कुजतात, कारण क्लिपमागे मीठ अडकतं. क्लिप उघडल्याशिवाय ते दिसत नाही. बदलताना तांबं-निकेल मिश्रणाची पाइप घ्या, ती हाताने वळते आणि खाऱ्या हवेला दाद देत नाही. फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरट केलेलं टोक, मात्र चांगल्या टूलने, टोक ओबडधोबड निघालं तर ते कापून पुन्हा करा. नुसत्या तांब्याच्या नळ्या, फ्रिजवाल्याकडच्या, ब्रेकला चालत नाहीत.

ब्रेक फ्लुइड डॉट ४, सीलबंद डबा, एक लिटर. नवं असताना ते २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी धरलेलं १५५ च्या आसपास. घाट उतरताना पेडल स्पंजासारखं का होतं ते यातून कळेल. ब्लीड करताना, म्हणजे पाइपांतली हवा काढताना, मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो आणि तिथे एक नुकसान होतं. दोन वर्षांत मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज चढलेला असतो, आणि सीलचा ओठ त्यावरून गेला की कापला जातो. पेडलखाली दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे सील नेहमीच्या पट्ट्याबाहेर जाणार नाही. सुरुवात सर्वात लांबच्या चाकापासून.

आता गंजाचं काम, आणि याला पावसाळा चालत नाही. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. पहिली पायरी घासणं नाही, धुणं आहे. पत्र्याच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. त्यावर कितीही महाग प्रायमर मारलात तरी पहिल्या पावसात रंगाखाली फोड येतात. गोड्या पाण्याने तीन-चार वेळा प्रेशरने धुवा आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्या. विहीर समुद्राच्या वाळूजवळ असेल आणि पाणी जिभेला जरासं जरी मचूळ लागत असेल तर त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठ चोळणं. साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं.

भोक पडलेला पत्रा धड पत्रा लागेपर्यंत कापून काढा. भोकाच्या भोवतीचा काळसर, पातळ घेर ठेवून वर ठिगळ मारलं की वेल्डिंगचा टाका धरतच नाही, जळून भोक मोठं होतं. ठिगळ २० गेजच्या सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्र्याचं, आणि वेल्डिंग सीओटू मशीनने, एका ठिकाणी एक सेकंद, मग हातभर लांब दुसरा ठिपका. होड्यांची कामं करणारे वेल्डर हाताने तरबेज असतात, पण त्यांची साधी आर्क मशीन पाच मिलिमीटरच्या प्लेटसाठी असते, गाडीच्या पत्र्याची ती चाळण करते. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, कनेक्टर काढा, अर्थ क्लॅम्प कामाच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावा, आतलं कार्पेट उचला आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

त्यानंतर जोडांवर पीयू सीलंट, दोन हात इपॉक्सी प्रायमर, वर स्टोनगार्ड. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडू नका. त्याचा थर पाणी पूर्ण अडवत नाही, वर टॉपकोट नसेल तर किनाऱ्यावर वर्षभरात खालून तांबडं यायला लागतं. आणि गंजावर थेट काळं रबरी अंडरकोटिंग हा प्रकार तर बंदच करावा. वरून गाडी नवी दिसते, आत पाणी कोंडून पत्रा निवांत कुजतो. विकत घेताना ताजं काळं कोटिंग दिसलं तर किंमत कमी करा, वाढवू नका. सिलच्या आत, दारांच्या तळाशी आणि मागच्या खांबात कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, लांब नळीने मारा. मारून झाल्यावर तळाची निचऱ्याची भोकं तारेने उघडी करा. लोक ती वॅक्सनेच बुजवतात आणि मग पुढच्या पावसात सिल हौदासारखी भरते.

थंड ठेवणारी व्यवस्था तपासताना रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या भागावर बोट फिरवा. फिन भुगा होऊन गळत असतील तर रेडिएटर बदला, गळती नसली तरी. या फियाटमध्ये पंख्याचा रेझिस्टर जळतो आणि कमी वेग बंद पडतो. पंखा एकदम मोठ्या वेगानेच सुरू होत असेल तर कारण तेच. थर्मोस्टॅट आणि कॅप नवीन. कुलंट ओएटी प्रकारचं (डब्यावर तसं लिहिलेलं असतं), निम्मं डिस्टिल्ड पाणी. हिरव्यात लाल मिसळू नका.

टर्बोसाठी इनटेकचा रबरी पाइप काढून शाफ्ट बोटांनी धरा. वर-खाली किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे हलणं चालत नाही. पंख पाइपच्या भिंतीला लागल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो रिकंडिशनिंगला पाठवा. वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, दांडा खाऱ्या हवेने जाम होतो. झडप बंद राहिली तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, जास्त, उघडी राहिली तर गाडीत दमच नाही. भेदक तेल लावून हाताने मोकळा होतो का पाहा. बूस्टची गळती शोधायला महागडं यंत्र नको. बागेच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं योग्य व्यासाचं टोपण घ्या, त्यात ट्यूबलेस टायरचा वाल्व्ह बसवा, टर्बोच्या इनटेकला क्लॅम्पने लावा आणि टायरच्या पंपाने फक्त ०.५ बारपर्यंत हवा भरा. साबणाचं पाणी सोडत जा. जुन्या रबरी जोडांवर बुडबुडे येतातच. अर्ध्या बारच्या वर जाऊ नका, क्रँकचे सील हवेचा दाब सहन करायला केलेले नसतात.

वायरिंगमध्ये गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी आधी काढून घासा, मग बाकीच्या चुका शोधा. निम्म्या चुका तिथेच संपतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पिळून टेप लावायच्या नाहीत, सोल्डर आणि आतून गोंद असलेली श्रिंक नळी लावायची. विंडस्क्रीनखालच्या खोबणीत आंब्या-फणसाची पानं साचतात, निचरा बुजतो आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. पायाशी ओल असेल तर आधी तिथे हात घाला.

स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, त्याच्या रबरी नळ्यांची टोकं घाम फुटल्यासारखी ओली दिसली तर वेळीच बदला. टायर १९५/५५ आर१६, बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३५१६ म्हणजे २०१६ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही असो, ते टायर झोपाळ्यालाच. एसीचा गॅस घरी सोडू नका, कंडेन्सर नवा घेऊन काम बाहेर करा. रंगाला शेवटी हात लावा.

सामान पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईहून एसटीने किंवा खासगी बसने मागवता येतं. हेड किंवा मॅनिफोल्डचं मशीनकाम निघालं तर कोल्हापूरचं उद्यमनगर गाठा. मागवताना चॅसिस नंबर द्या, नुसतं पुंटो म्हणू नका, नाहीतर १.३ डिझेलचा भाग हातात पडेल.

सगळं झाल्यावर पहिले दिवस गावातच पाच-पाच किलोमीटर. परत येऊन प्रत्येक डिस्कजवळ हात न्या, एकच चाक तापलं असेल तर त्याचा कॅलिपर अजून धरतोय. मग दापोली-खेड, आणि शंभरेक किलोमीटर निर्धोक गेले की चिपळूणहून कुंभार्ली घाट. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये भार ठेवा आणि तापमानाचा काटा पाहत राहा. वर थांबलात की मिनिट-दीड मिनिट इंजिन रिकामं चालू द्या, मग बंद करा. तापलेल्या टर्बोतलं तेल फिरायचं थांबलं की तिथेच करपतं. उतरताना पेडल लांब जातंय का, हे पाहण्यासाठीही या घाटासारखी जागा नाही.

रिमॅपचं उत्तर: मूळ १४५ पीएस आणि २१२ एनएम पाच हजार किलोमीटर बिनतक्रार मिळाले, एक ऑइल बदल झाला आणि कुलंट घटलं नाही, त्यानंतर बोलू. त्याआधी रिमॅप म्हणजे जुन्या क्लचवर आणि न तपासलेल्या टर्बोवर पैसे उधळणं.

हीच रक्कम खर्चायची असेल आणि पत्रा वाईट निघाला तर २०१७ ते २०१९ मधली मारुतीची टर्बो बलेनो आरएस पाहा. १०२ पीएसच आहेत, पण वजन कमी, डिस्क चारही चाकांना, आणि बरंचसं सामान साध्या बलेनोचं असल्यामुळे जवळपास मिळतं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपासाठी ७,२१३ आरएस परत बोलावल्या होत्या, तुमची गाडी त्यात होती का आणि काम झालं का, हे चॅसिस नंबर देऊन आधी विचारा. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचा विचार असेल तर डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं स्कॅनिंग केल्याशिवाय टोकन देऊ नका. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचा, खर्च सगळा व्यवहार उलटा करू शकतो.

पुंटो घेतलीत तर पहिल्या पावसाळ्यात नारळी पौर्णिमेच्या सुमारास एक सुट्टी राखून ठेवा. चारही कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावा, सिलची भोकं तारेने मोकळी करा, आणि ज्या ठिगळावर सगळ्यात जास्त वेळ घालवला त्याची कडा टॉर्चने पाहा. सीलंटच्या रेघेलगत तपकिरी ओघळ दिसला तर दिवाळीची वाट पाहू नका. तेवढा तुकडा तेव्हाच खरवडून वाळवा, वर वॅक्स भरून ठेवा, आणि पाऊस संपला की तो टाका पुन्हा कापून घाला.